सतरा नंबरचं पाकीट

३ फेब्रुवारी, मंगळवार

“आमच्या घरातल्या पुरुषांना पंचेचाळिशीनंतर चमचा धरता येत नाही. तेवढं बघ आणि मग ठरव.”

ज्याच्याशी लग्न करायचं मी ठरवलं होतं, त्याची आई मला हे म्हणाली त्याला तेवीस वर्षं झाली. स्वयंपाकघरात नवऱ्याला भरवत होती. त्यांचे हात मांडीवर आपल्या मर्जीनं उडत होते, मान एका जागी ठरत नव्हती, आणि ती प्रत्येक घासाला नेम धरत होती. आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. एखादी शेजारीण सांगते ना, त्या दुकानातलं कापड घेऊ नकोस, पहिल्या धुण्यात विटतं — तसं सांगितलं. मी तेवीस वर्षांची होते. “मी ठरवलंय,” असं म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचा घास भरवायचा होता.

आज ते आठवायचं कारण म्हणजे यादी.

साहेबांनी सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवली. न नेलेले रिपोर्ट. आमच्या हॉस्पिटलात घरात चालत आलेल्या त्या आजाराची रक्ततपासणी होते. बापाला असला तर मुलाला निम्मी शक्यता. निकाल पाकिटात बंद असतो. ज्याचं रक्त त्यानंच यायचं, निकाल समजावून सांगणाऱ्या सल्ल्याच्या बाईंसमोर बसायचं, मग पाकीट उघडायचं. पोस्टानं पाठवायचं नाही, फोनवर सांगायचं नाही, नातेवाइकाच्या हाती द्यायचं नाही. काहीजण रक्त देऊन जातात आणि निकालाला येतच नाहीत. त्यांची पाकिटं आमच्या नोंदींच्या खोलीत पडून राहतात. आता खोली रिकामी करायची आहे. वीस वर्षांहून जुन्या पाकिटांच्या मालकांना शेवटचं पत्र पाठवायचं. तीस दिवसांत आले तर ठीक, नाहीतर पाकीट न उघडता कागद फाडायच्या यंत्रात.

“तुम्हीच बघा,” साहेब म्हणाले, “तुमचंच राज्य आहे.”

माझं राज्य! एकेचाळीस माणसं आणि त्यातलं एकही न आलेलं.

सतराव्या नंबरवर त्याचं नाव आहे.


४ फेब्रुवारी, बुधवार

तीनदा चहा केला, तीनदा गार झाला.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्रं लिहून झाली. मजकूर छापील, पत्ता हातानं. सोळा पत्ते भराभर झाले. सतराव्याला पेन थांबलं.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला सगळे रेडिओ म्हणतात. ती बंद होत नाही आणि तिच्यापासून काही लपत नाही.

“काय गं, पत्ता लिहितेयस की नक्षी काढतेयस?”

“पेन अडतंय.”

“पेनाला कशाला बदनाम करतेस?”

फॉर्मवरच्या पत्त्याच्या घरात तो दहा वर्षांपासून राहत नाही, हे मला माहीत आहे. त्याची आई गेली, बहीण तिच्या संसारासकट त्या घरात आली, आणि हा कामाच्या खोलीमागे एक खोली घेऊन राहू लागला. मला ती खोली माहीत आहे. तिचं दार हिरवं आहे हेही माहीत आहे. पण फॉर्मवर जो पत्ता असेल तोच लिहायचा, असा नियम. मी तोच लिहिला. नियमाच्या पदराआड लपायची माझी सवय जुनीच.

मग खोकं काढलं. नंबर जुळवायचे असतात. सतरा नंबरचं पाकीट हातात घेतलं तर त्यावर माझीच सही! “पाकीट बदलले”, खाली तारीख, नऊ वर्षांपूर्वीची. विसरलेच होते. विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं? आमच्या खोलीच्या वरच्या मजल्यावरचा नळ फुटला, खोकी भिजली. आतले कागद ठीक होते, पाकिटांचा मात्र लगदा झाला. सुट्टीचा दिवस, खोलीत मी एकटी. एकेक कागद जुन्या पाकिटातून काढून नव्यात घातला, डिंक लावला, सही केली. त्याचा कागद आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. बोटांनी चाचपत घडी नव्या पाकिटात सरकवली, डिंक चिकटेपर्यंत डोळे उघडले नाहीत. बघायला कोणी नव्हतं. वाचलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

आज पाकीट परत खोक्यात ठेवलं. उजेडाकडे धरून पाहिलं नाही. एवढं तरी लिहून ठेवते.


८ फेब्रुवारी, रविवार

“निघालीस पाट्या वाचायला?” आई म्हणाली. मी चपला घालत होते.

“फिरायला चाललेय.”

“तेच ते.”

आईला सगळं माहीत आहे. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. सगळे त्याला पेंटर म्हणतात. आता लोक छापील पाट्या लावतात, पण जुने दुकानदार अजून त्याच्याकडेच येतात. हाताखाली टेकायला काठी घेत नाही, मोजपट्टी लावत नाही. दुकानाचं नाव रंगवून झालं की खाली एक लांब रेघ ओढतो, ब्रश न उचलता, एका दमात. ती रेघ म्हणजे त्याची सही.

आणि ती रेघ मी तेवीस वर्षं तपासत आले आहे. दर रविवारी. शिंप्याचं दुकान, चष्म्याचं दुकान, चाव्या बनवणारा, दोन न्हावी, एक दातांचा दवाखाना. नवीन पाटी लागली की मला कळतं. जवळ जाऊन पाहते. कुठं कापली का? कुठं थबकली का? दुकानदारांना वाटतं, बाई काहीतरी घ्यायला आली. चाव्यावाल्यानं एकदा विचारलं, “ताई, तुमचं कुलूप तरी कुठंय?”

तो आता एकोणपन्नास वर्षांचा आहे. त्याच्या वडिलांचे हात चव्वेचाळिसाव्या वर्षीच सुटले होते. म्हणजे कधीही. आज शिंप्याच्या नव्या पाटीवर रंग अजून ओला चमकत होता. रेघ सरळ. दोरी ताणून धरावी तशी सरळ.

घरी आले. आईनं विचारलं, “काय म्हणतेय रेघ?”

“बरी आहे.”

“आणि तू?”

मी नेहमीचं उत्तर दिलं, नशिबात नव्हतं. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं तरी हेच देते.

आई चष्मा पुसत म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं. तुझं नशीब बिचारं गरीब आहे गं. काहीही नावावर टाकलं तरी बोलत नाही.”


११ फेब्रुवारी, बुधवार

पत्रं परत येऊ लागली. “पत्ता सापडत नाही.” “घर पाडले.” “व्यक्ती हयात नाही.” आजवर बावीस. सतरावं त्यात नाही.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी खिडकीशी एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची, केस ओले, खांद्यावर टॉवेल. पोहायला शिकवते म्हणाली.

“हे पत्र आमच्याकडे आलंय. मामाच्या नावावर. पण मामा आमच्याकडे राहत नाही. काय आहे हे?”

त्याची भाची. हनुवटी अगदी त्याची. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि माझ्या पदराला नाक पुसत होती.

“त्यांनी स्वतः यायला हवं,” मी म्हणाले.

“मामा? तो कुठं जातो! माझ्या शाळेच्या समारंभाला आला नाही, पदवी मिळाली तेव्हा आला नाही. म्हणतो, माझी सवय लावून घेऊ नका.”

“असं म्हणतो?”

“लहान होते तेव्हापासून. आई म्हणते, तो विक्षिप्त आहे. कुत्रं आणून देते म्हटलं तर म्हणतो, कुत्रं चौदा वर्षं जगतं, त्याचं पुढं कोण बघणार?” ती जरा पुढं झुकली. “आजोबांना जे होतं तेच का हे? आईला विचारलं की ती भांडी आपटते.”

“मला सांगता येणार नाही.”

“म्हणजे तेच.” पत्र तिनं माझ्या हातातून घेतलं. “तुम्ही ओळखता मामाला?”

“इथं सगळे कागदावरून ओळखीचे असतात.”

“मग एवढा वेळ पत्र उलटं का धरलं होतंत, मावशी?”

मघापर्यंत मॅडम होते. मावशी कधी झाले, कळलंच नाही. तिनं माझा फोन नंबर लिहून घेतला, स्वतःचा दिला. पत्र मामाला नेऊन देते म्हणाली.

रेडिओ सगळं ऐकत होती. पहिल्यांदाच काही बोलली नाही. त्यानंच जास्त धास्तावले.


१६ फेब्रुवारी, सोमवार

तो मंगळवार एकदा लिहून काढते. म्हणजे डोक्यातलं गुऱ्हाळ तरी थांबेल.

तेवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ठरवलं, तपासणी करायची, काहीही निघालं तरी लग्न करायचं. त्यानं रक्त दिलं. दीड महिन्यानं निकाल आला. मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. मी तेव्हा याच खोलीत नवीन कारकून होते, वरच्या मजल्यावर. त्यानं खाली बाकावर थांबायचं, मी वरून उतरायचं, दोघांनी मिळून सल्ल्याच्या बाईंकडे जायचं. तो वेळेवर आला. अकरा ते एक बाकावर बसला. मग आत न जाताच उठून गेला. पाकीट नेलं नाही. पुन्हा मला भेटलाही नाही. जे व्हायचं ते होईल, म्हणून दैवावर सोपवून मोकळा झाला.

असं मी आईला सांगितलं. ताईला सांगितलं. रेडिओला सांगितलं. सगळे हळहळले.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल खोटं लिहिलं. वहीशी खोटं! कोणासाठी?

मी अकराला पाच मिनिटं कमी असताना रजिस्टर मिटलं. जिन्याच्या वळणापर्यंत आले. तिथून बाक दिसतो. त्यानं केसांना पाणी लावून भांग पाडला होता. धुतलेला सदरा घातला होता, पण कोपरावर निळ्या रंगाचा एक ठिपका तसाच राहिला होता. आणि तो स्वतःच्या हातांवर बसला होता. दोन्ही तळवे मांडीखाली घेऊन. गारठ्यानं असेल, भीतीनं असेल. पण मला त्याचे वडील दिसले. त्यांचे मांडीवर उडणारे हात दिसले. नेम धरलेला चमचा दिसला, आणि चमचा धरलेला हात माझा दिसला.

मी परत वर गेले. रजिस्टर उघडलं. एकोणीस फायलींच्या नोंदी केल्या, एकही खाडाखोड न करता. एक वाजता खिडकीतून डोकावले तर बाक रिकामा.

निरोप पाठवता आला असता. संध्याकाळी जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, वर्षानं. पायाला कोणी बेड्या घातल्या नव्हत्या. मी वाट पाहत बसले की तोच येईल, मला दोन शब्द बोलेल, मी रडेन, मग सगळं सुरळीत होईल. तो आला नाही. ते माझ्या पथ्यावर पडलं. “तो उठून गेला” — वाक्य खोटं नव्हतंच. फक्त त्याच्या आधीचं वाक्य मी गिळलं होतं.

भीती निकालाची नव्हती. वाईट निघालं तर मी थांबेन की पळेन, हे मला कळलं असतं, त्याची होती. पाकीट बंद होतं तोवर मी चांगली बाई होते.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या जायचं. नाही जायचं. जायचं. — साडी बदलून झाली, वेणी दोनदा घातली, आणि जायचं तर उद्या आहे!


२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. अर्धा दिवस रजा टाकली.

हिरवं दार उघडंच होतं. तो फळीसमोर उकिडवा बसला होता, न्हाव्याच्या दुकानाची नवी पाटी रंगवत. केस पांढरे झालेत, मागून पुरता म्हातारा वाटला. वळला तर तोच.

“ये,” म्हणाला. जणू मी कालच येऊन गेले होते. “टेकायला जागा नाही. त्या डब्यावर बस, झाकण घट्ट आहे.”

बसले. पत्र खिडकीत ब्रशांखाली होतं, उघडलेलं.

“मिळालं ना?”

“मिळालं. पत्त्याचं अक्षर तुझं.”

“तीस दिवसांची मुदत आहे. नाहीतर ते—”

“वाचलं मी.” त्यानं ब्रश पुसला. “फाडून टाका. त्यात काय आहे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.”

“दोघांना?”

“तू वाचलंस तेव्हाच मला कळलं.”

मला काही उमगेना. तो अगदी शांतपणे सांगत होता, हात रंगात चालूच. पाकिटं माझ्याच खोलीत असायची. कपाटाची किल्ली माझ्याकडे. “तू आधीच उघडून पाहणार, हे मला वाटलंच होतं. मीही पाहिलं असतं. मग अकरा वाजले, साडेअकरा वाजले, तू उतरली नाहीस. म्हटलं, झालं, निकाल लागला. मग त्या बाईंना कशाला त्रास द्यायचा? एक वाजेपर्यंत बसलो, पाय उचलेनात म्हणून.”

“आणि माझा राग—”

“राग कसला? पोरगी शहाणी निघाली, म्हटलं. आईनं काय काढलं ते मी पाहिलं होतं. तुझ्या वाट्याला ते यावं असं मलाच वाटत नव्हतं. तुला तोंडानं नाही म्हणावं लागलं नाही, तेही बरंच झालं.”

तेवीस वर्षं! मी समजत होते, हा दैवाला शरण गेला. हा समजत होता, मी निकाल वाचून गेले. आणि तो पाकिटातला कागद, तो कोणीच वाचला नव्हता.

“मी वाचलं नव्हतं,” मी म्हणाले.

हात थांबला.

“मग का नाही आलीस?”

“घाबरले.”

“काय वाचून?”

“काही न वाचता. नुसतीच घाबरले. जिन्यापर्यंत आले होते.”

तो बराच वेळ डब्यातला रंग ढवळत राहिला. ढवळून झालेलाच होता. मग बोलू लागला, माझ्याशी कमी, डब्याशी जास्त. हाताखाली कोणाला शिकायला ठेवलं नाही, अर्ध्यावर सोडून द्यावं लागेल म्हणून. खोली महिन्याच्या बोलीवर. रंगाचा मोठा डबा कधी आणला नाही, संपायच्या आत हात जाईल म्हणून. भाचीला जवळ येऊ दिलं नाही. रोज सकाळी उठल्यावर हात पुढे धरून पाहायचा, आज का?

“पन्नाशी आली,” तो म्हणाला आणि हसला, “तरी यायचं नाव नाही. मला वाटलं, आजारसुद्धा आमच्या घरातलाच, आळशी आहे.”

मीही हसले. डोळे पुसत हसले.

मग त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. “खरंच वाचलं नव्हतंस?”

“तुझी शपथ. ते पाकीट मी कधी हातातही धरलं नाही.”

हे का म्हणाले? पहिलं वाक्य पुरेसं होतं. पण त्याच्या डोळ्यांत अजून किंतु होता आणि मला तो पुसून टाकायचा होता. नऊ वर्षांपूर्वी नळ फुटला, पाकिटं भिजली, मी डोळे मिटून बदलली — एवढं रामायण कोण ऐकणार? खरी गोष्ट थोडी घासूनपुसून दिली, इतकंच.

“मंगळवारी येतो,” तो म्हणाला. “अकरा वाजता. तू असशील?”

“असेन.”

येताना चाव्यावाल्याच्या दुकानावरून आले आणि पाटीकडे पाहायचं विसरले.


२२ फेब्रुवारी, रविवार

घरात पाय ठरत नाही. कपाट आवरलं. आवरलेलं पुन्हा आवरलं.

आई म्हणाली, “बस जरा. भोवऱ्यासारखी फिरतेयस. वाईट निघालं तर काय करशील?”

“त्याच्याकडे जाऊन राहीन. या वेळी ठरलंय.”

“भरवशील?”

“भरवेन.”

“बरं. आणि चांगलं निघालं तर?”

मी हसून म्हटलं, “मग काय, प्रश्नच मिटला.”

आईनं सुई पुढं केली. तिला दोरा ओवून हवा होता. मी ओवून दिला. तिसऱ्या खेपेला गेला.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही! त्याला काही नाही. कधीच नव्हतं.

मी पावणेअकरालाच खाली उतरले होते. तो आला, भाचीही आली, केस ओलेच. सल्ल्याच्या बाई आता तरुण आहेत, मागच्या बाई कधीच निवृत्त झाल्या. त्यांनी विचारलं, “नातेवाईक कोण?” भाचीनं हात वर केला. मी दाराशी उभी होते. तो म्हणाला, “त्यांनाही राहू दे.”

बाईंनी कात्रीनं पाकीट कापलं. कागद दोनदा वाचला. मला त्यांची भुवई दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. मग म्हणाल्या, “तुमच्यात तो दोष नाही. हा आजार तुम्हाला होणार नाही. तेव्हाही होणार नव्हता.”

भाचीनं त्याच्या गळ्यात उडीच मारली. त्यानं तिला धरलं, हात कुठं ठेवायचे ते न कळल्यासारखं. मग बाईंना विचारलं, “चूक तर नाही ना?”

“हवं तर पुन्हा रक्त देऊन खात्री करून घ्या. पण कागद स्पष्ट आहे.”

तो मान हलवत राहिला. टेबलावरचं रिकामं पाकीट उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. त्याला असं करायची सवयच आहे, कुठलंही अक्षर दिसलं की जवळ धरून पाहायचं.

“‘पाकीट बदलले.’ ही सही कोणाची?”

“माझी,” मी म्हणाले. किती हसत म्हणाले! “नऊ वर्षांपूर्वी नळ फुटला होता ना, सगळी भिजली. मीच बदलली.”

“बरं,” तो म्हणाला.

पाकिटाची घडी घालून खिशात ठेवली. न्हाव्याची पाटी पुरी करायची आहे म्हणाला आणि निघाला. भाची त्याच्यामागे पळाली. जिन्याशी थांबून मला ओरडून म्हणाली, “मावशी, आता आईलाही तपासणीला आणते मी, भांडी आपटू दे तिला किती आपटायचीत ती!”

तो जाताना माझ्याशी काही बोलला नाही. कसा बोलेल? तेवीस वर्षं पाठीवर घेतलेलं ओझं एकदम उतरलं तर माणूस तोल सावरेल की बोलेल?

नशीब नशीब म्हणत होतो, आणि नशीब तर तेव्हापासून आमच्या बाजूनं होतं! हसावं की रडावं? आज हसते.


२५ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना दोनदा “अरे” म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रेडिओ म्हणाली, “हिला कोणीतरी चिमटा काढा.” आईला सांगितलं, उन्हाळ्यात घरी एक माणूस वाढेल. म्हणाली, “आधी त्याला विचार.”


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही. भाचीला दोनदा लावला, उचलला नाही. पोहण्याच्या तलावावर असेल.

ऑफिस सुटल्यावर त्याच्या खोलीवर गेले. हिरव्या दाराला कुलूप. शेजारच्या सुतारानं सांगितलं, पेंटर आहे इथंच, सकाळी दिसला होता, पण आताशा काम घेत नाही, कोणाशी बोलत नाही. “काय झालं, बरंबिरं नाही का?” त्यानं मलाच विचारलं. मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे.

परत येताना न्हाव्याच्या दुकानावरून आले. पाटी लागली आहे. अक्षरं पूर्ण. खाली रेघ नाही.

न्हावी म्हणाला, “मीपण विचारलं. म्हणाला, तेवढीच राहू दे.”

मनात पाल चुकचुकली. गेल्या शुक्रवारचं बोललेलं आठवत बसले आहे. एकेक वाक्य. “तुझी शपथ. ते पाकीट मी कधी हातातही धरलं नाही.”

आणि मंगळवारी त्याच तोंडानं, हसत, “माझी.”


२ मार्च, सोमवार

भाची आली. खिडकीशी उभी राहिली, मावशी म्हणाली नाही. मामानं सांगितलंय तेवढंच सांगते म्हणाली, आणि पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. “आजार आहे हे वाचून ती गेली असं समजत होतो, तोवर मला तिचा राग नव्हता. पण काही नाही हे तिला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी कागद तिच्या हातात होता, आणि तिनं शपथ घेऊन तेच लपवलं. तरी ती आली नाही. म्हणजे तिला आजार नको होता असं नव्हतं, मीच नको होतो.”

उद्या जाणार आहे. तो दार उघडणार नाही, मी बाहेरूनच बोलेन. लग्नाचं काढणार नाही, क्षमा मागणार नाही. एकच मागणार: मी भित्री होते, एवढं खरं मान. नाही म्हणेल. शपथ घेऊन खोटं बोललेल्या बाईचं कोण ऐकणार? तरी विचारणार.